पंधरा दिवसांची हजेरी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, टाके निघतात आणि पुढच्या भेटीत डॉक्टर सांगतात, 'आता रेडिएशन.' घरी ही बातमी बहुधा 'शेक' या शब्दात पोहोचते. 'लाइट घ्यायचे आहेत' असेही म्हटले जाते. दोन्ही शब्द वर्षानुवर्षे रुळले आहेत आणि दोन्हींनी थोडा घोटाळा करून ठेवला आहे. शेक म्हटले की चटका आठवतो आणि लाइट म्हटले की विजेचा झटका. किरणोपचाराच्या टेबलावर यातले काहीच जाणवत नाही.

हिशेबच मांडायचा, तर स्तनाला एका दिवशी दिली जाणारी मात्रा आता बऱ्याच ठिकाणी २.६७ ग्रे इतकी असते. एक ग्रे म्हणजे एक किलो वजनाच्या पेशींना मिळालेली एक जूल ऊर्जा. पाव किलो साखरेची पुडी जमिनीवरून मीटरभर उचलायला साधारण अडीच जूल लागतात. दिवसाच्या मात्रेने शरीराचा तो भाग तापतो तो एका अंशाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. सकाळचा अर्धा कप चहा शरीराला याहून हजारो पट अधिक उष्णता देतो.

मग एवढ्याशा ऊर्जेने कर्करोगाच्या पेशी मरतात कशा? ऊर्जा किती आहे यापेक्षा ती कुठे पडते याला इथे महत्त्व आहे. उच्च ऊर्जेचे क्ष-किरण पेशींमधून जाताना इलेक्ट्रॉन मोकळे करतात आणि हे इलेक्ट्रॉन पेशीच्या केंद्रातील डीएनएचे धागे तोडतात. एक धागा तुटला तर पेशी तो सहज जोडून घेते. दोन्ही धागे जवळजवळ तुटले की दुरुस्ती अवघड होते. निरोगी पेशींकडे दुरुस्तीची यंत्रणा शाबूत असते, कर्करोगाच्या पेशींमध्ये ती बऱ्याचदा बिघडलेली असते. त्या लगेच मरत नाहीत. पुढे विभाजनाची वेळ आली की कोसळतात. म्हणून या उपचाराचा परिणामही, आणि त्रासही, उशिराने दिसतो. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण शेवटच्या दिवसानंतर तिची आठवण ठेवावी लागते.

गाठ तर काढून टाकली, मग हे कशासाठी, हा घरात विचारला जाणारा दुसरा प्रश्न. लंडनचे शल्यविशारद जेफ्री केन्स यांनी १९२०च्या दशकात उलट दिशेने विचार केला होता. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे हे धाकटे भाऊ. सारा स्तन, खालचे स्नायू आणि काखेतील गाठी असे सगळे कापून काढण्याच्या त्या काळात ते रेडियमच्या सुया वापरून स्तन वाचवू पाहत होते. त्यांना वेड्यात काढणारेही होते. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी स्त्रियांचे गट पाडून ही तुलना काटेकोरपणे केली आणि २००२ मध्ये २० वर्षांचे निष्कर्ष जाहीर केले. फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात रोग परतला. गाठ काढून किरणोपचार घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४.३ टक्के होते. स्तन पूर्ण काढलेल्या आणि स्तन वाचवलेल्या स्त्रियांच्या जगण्यात फरक नव्हता. डोळ्यांना आणि सीटी स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असतात. उपचार आहे तो त्यांच्यासाठी.

२०११ मध्ये १७ चाचण्यांमधील १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतल्यास दहा वर्षांत रोग कुठेही परतण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून १९.३ टक्क्यांवर आले होते. पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू २५.२ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले होते. सगळ्यांनाच एवढा फायदा होतो असे नाही. वयाची पासष्टी ओलांडलेल्या, लहान गाठ असलेल्या आणि संप्रेरकांची गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या एका ब्रिटिश चाचणीत किरणोपचार न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के जणींना दहा वर्षांत त्याच स्तनात रोग परतला, घेतलेल्यांपैकी ०.९ टक्के जणींना. जगण्याच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. अशा वयातील रुग्णाने 'मला हे खरोखर लागणार आहे का?' असे विचारले, तर त्यात वावगे काही नाही.

आता खराडीकडे वळू. नगर रस्त्याने पुण्यात येताना वाघोलीनंतर खराडी लागते. एका बाजूला ईऑनसारखे आयटी पार्क आणि त्यांच्याभोवती वाढलेल्या उंच सोसायट्या, दुसरीकडे चंदननगरची जुनी, दाट वस्ती. इथल्या दोन घरांची कल्पना करावी. एका घरात पंचेचाळिशीची, कंपनीत टीम सांभाळणारी स्त्री आहे. तिला पहिली चिंता आहे रजेची. दुसऱ्या घरात शिरूरहून बहिणीकडे येऊन राहिलेली साठीची स्त्री आहे. तिला चिंता आहे ती बहिणीच्या घरी किती दिवस राहायचे याची. दोघींची गाठ वेगळी, शिक्षण वेगळे, पण डॉक्टरांना विचारलेला प्रश्न एकच असतो: 'किती दिवस?'

हा प्रश्न किरकोळ नाही. किरणोपचार सोमवार ते शुक्रवार रोज असतात. पूर्वी ते पाच आठवडे, वर आणखी आठवडाभर जादा मात्रा, असे चालायचे. दूरच्या गावाहून येणाऱ्या स्त्रीला एवढे दिवस शहरात राहणे जमत नसे. मग स्तन वाचवता येण्यासारखा असूनही 'पूर्णच काढून टाका, म्हणजे शेक नको' असे घरचे ठरवत. त्यातही पुन्हा फसगत होती. गाठ मोठी असेल किंवा काखेतील गाठींमध्ये रोग पसरला असेल, तर स्तन पूर्ण काढल्यावरही छातीच्या भिंतीला किरणोपचार द्यावे लागतात. भारतात रोग बऱ्याचदा उशिरा सापडतो, त्यामुळे अशा स्त्रियांची संख्या थोडीथोडकी नाही.

रोज थोडी मात्रा देण्यामागची जुनी समजूत अशी होती, की लहान घास दिला की निरोगी पेशी सावरतात आणि कर्करोगाच्या पेशींना फटका बसतो. घशाच्या कर्करोगात हे बरेच खरे आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मात्र घासाच्या आकाराबाबत निरोगी पेशींसारख्याच वागतात, असे हळूहळू दिसून आले. तसे असेल तर लहान घासांचा फायदा उरत नाही. एकूण मात्रा कमी करून मोठे, थोडे घास देता येतात. ब्रिटनमध्ये २,२१५ स्त्रियांवर झालेल्या 'स्टार्ट-बी' चाचणीत पाच आठवड्यांत २५ वेळा मिळून ५० ग्रे आणि तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे, अशी तुलना झाली. दहा वर्षांनंतर स्तनात किंवा आसपास रोग परतण्याचे प्रमाण पहिल्या गटात ५.५ टक्के होते, दुसऱ्यात ४.३ टक्के. तीन आठवड्यांच्या गटात स्तनावर राहणारे दुष्परिणामही कमीच होते.

त्यानंतरची 'फास्ट-फॉरवर्ड' ही चाचणी आणखी पुढे गेली. ९७ रुग्णालयांतील ४,०९६ रुग्णांमध्ये तीन आठवड्यांच्या उपचाराची तुलना एका आठवड्यात, पाच दिवसांत दिलेल्या २६ ग्रेशी केली गेली. पाच वर्षांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, नेमके कोविडच्या काळात, जेव्हा रुग्णालयाची एक फेरी वाचणेही मोलाचे होते. त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण तीन आठवड्यांच्या गटात २.१ टक्के होते, एका आठवड्याच्या गटात १.४ टक्के. भारतीय स्त्रियांमध्येही ही तुलना व्हावी म्हणून कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने 'हायपोर्ट-ॲडजुव्हंट' ही चाचणी हाती घेतली आहे.

तेव्हा 'पंधराच लाइट सांगितले, शेजारच्या काकूंना पंचवीस होते' म्हणून उपचार कमी पडल्याची धास्ती घेऊ नये. पाच दिवसांचा पर्याय प्रत्येकीला लागू पडतो असे नाही. काखेतील किंवा गळपट्टीच्या हाडाजवळच्या गाठींना किरण द्यायचे असतील, किंवा स्तनाची पुनर्रचना झालेली असेल, तर डॉक्टर बहुधा अधिक दिवसांचे वेळापत्रक निवडतात. तरुण स्त्रियांना गाठीच्या जागेवर जादा मात्रा लागू शकते. दिवसांचा आकडा वाढला तर कारण विचारावे आणि कमी झाला तरीही विचारावे.

शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्यामध्ये काही आठवडे जातात. केमोथेरपी असेल तर ती आधी संपते. हा काळ रिकामा नसतो. डॉक्टरांची तयारी नंतर सुरू होते, रुग्णाची मात्र लगेचच.

पहिली तयारी खांद्याची. किरणोपचार घेताना पाठीवर झोपून हात डोक्याच्या वर, आधारावर ठेवायचा असतो आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच राहू द्यायचा असतो. काखेतील गाठी काढल्यावर खांदा आखडतो. जखम दुखेल म्हणून हात पोटाशी धरून ठेवायची सवय लागते, घरचेही 'राहू दे, हलवू नकोस' म्हणतात. महिन्याभराने तो हात वर जात नाही आणि नियोजनाची तारीख पुढे ढकलावी लागते. शल्यविशारदांनी परवानगी दिली, की भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची, रोज थोडे वर. वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, स्वतःचे केस स्वतः विंचरता येतात का, ही घरातली साधी मोजपट्टी आहे. जमत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जायला उशीर करू नये. जखमेत पाणी साचले असेल, टाक्यांतून स्राव येत असेल, तर तेही आधी सांगावे.

दुसरी तयारी तंबाखूची, म्हणजे ती सोडण्याची. स्तनाला किरण देताना फुप्फुसाचा थोडा भाग वाटेत येतोच. पूर्वीच्या चाचण्यांचा आढावा घेऊन केलेल्या अंदाजानुसार, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीला यामुळे पुढे फुप्फुसाचा कर्करोग होऊन दगावण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के आहे. वर्षानुवर्षे धूम्रपान करत राहणाऱ्या स्त्रीला तो सुमारे ४ टक्के. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत, असे म्हणून हा विषय डॉक्टरांसमोर टाळला जातो. मिसरीचे नाव तर कुणी काढतच नाही. मिसरीची गोष्ट वेगळी आहे, तिचा धोका तोंडाला अधिक. पण कर्करोगाच्या उपचारात असताना ती चालू ठेवण्याचे कारण कुठलेच नाही.

डॉक्टरांना न विचारताही सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत: छातीत पेसमेकर आहे का, पूर्वी छातीला किरणोपचार झाले आहेत का, स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपससारखा आजार आहे का, आणि पाळी चालू असलेल्या वयात, गर्भ राहण्याची शक्यता आहे का. उपचाराच्या काळात गर्भधारणा टाळायची असते. शेवटचा प्रश्न नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर विचारला गेला की उत्तर खरे येईलच असे नाही. डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटीने बोलायची मागणी रुग्ण करू शकते.

तिसरी तयारी श्वासाची आणि ती मुख्यतः डाव्या स्तनासाठी. डाव्या स्तनाच्या मागे हृदय आहे. स्वीडन आणि डेन्मार्कमधील २,१६८ स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये असे दाखवले गेले, की हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेत एका ग्रेची वाढ झाली, की पुढे हृदयविकाराच्या गंभीर घटनेचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. त्या स्त्रियांचे उपचार १९५८ ते २००१ या काळातले, म्हणजे बऱ्याच जणींचे जुन्या तंत्राने झालेले. त्यांच्या हृदयाला सरासरी ४.९ ग्रे मिळाले होते. आज ही मात्रा पुष्कळ कमी ठेवता येते आणि त्यातला एक मार्ग रुग्णाच्या छातीतच आहे. खोल श्वास घेतला की फुप्फुस फुगते, हृदय खाली आणि मागे सरकते आणि छातीच्या भिंतीपासून दूर जाते. तेवढ्या वेळात यंत्र किरण सोडते. श्वास सोडला की किरण थांबतात.

प्राणायामातला कुंभक माहीत असलेल्या स्त्रियांना हे लगेच कळते, पण त्यांची एक चूकही होते. इथे जास्तीत जास्त श्वास कोंडायचा नसतो. सुमारे वीस सेकंद, सहज पेलेल इतका आणि दरवेळी तेवढाच श्वास धरायचा असतो. छाती किती वर आली हे कॅमेरा किंवा पोटावर ठेवलेली छोटी खूण टिपत असते. एक दिवस जोर लावून छाती जास्त फुगवली तर उपयोग नाही, उलट त्या दिवशी पुन्हा पुन्हा करावे लागते. घरी आरामात झोपून, हात वर ठेवून, घड्याळ लावून रोज चार-पाच वेळा सराव केला तर पहिल्या दिवशीची धडधड कमी होते. ज्यांना श्वास धरता येत नाही त्यांच्यासाठी दुसरे मार्ग असतात. सगळ्याच केंद्रांत ही सोय नसते, म्हणून डावा स्तन असेल तर आधी विचारलेले बरे.

नियोजनाच्या दिवशी उपचार होत नाही, तरी तास-दीड तास जातो. घरून निघताना मंगळसूत्र, साखळ्या काढून ठेवलेल्या बऱ्या. ते काढताना अनेक जणी अडखळतात. कुणी ते पर्समध्ये ठेवते, कुणी मुलीच्या हातात देते. छातीवर धातू नको, एवढाच यामागचा हेतू आहे. तिरप्या फळीवर, ज्याला तिथे ब्रेस्ट बोर्ड म्हणतात, रुग्णाला झोपवतात. हात कुठल्या खाचेत, डोके किती वळलेले, गुडघ्यांखाली उशी किती उंच, सगळे लिहून घेतात. त्याच स्थितीत सीटी स्कॅन होतो. मग त्वचेवर खुणा होतात: काही ठिकाणी मार्करच्या रेषा, काही ठिकाणी सुईने केलेले शाईचे दोन-तीन बारीक ठिपके. शिरूरच्या त्या साठीच्या बाईंच्या हातावर लहानपणचे गोंदण असेल, तर त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. ठिपका तिळापेक्षा लहान असतो आणि कायमचा असतो.

त्यानंतरचे काही दिवस रुग्ण घरी असते आणि काम पडद्याआड चालते. डॉक्टर सीटीच्या प्रत्येक कापावर स्तन, हृदय, फुप्फुस यांच्या कडा रेखाटतात. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ किरणांचे कोन ठरवतात, मात्रा मोजतात, यंत्रावर तपासून पाहतात. 'स्कॅन होऊन आठवडा झाला, अजून बोलावले नाही' अशी तक्रार ऐकू येते ती याच दिवसांतली.

किरणोपचाराचे यंत्र प्रत्येक रुग्णालयात नसते. त्यासाठी मीटरभरापेक्षा जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. शहरातली कोरेगाव पार्कच्या बुधरानी रुग्णालयासारखी किंवा रुबी हॉलसारखी जुनी केंद्रे खराडीपासून नकाशावर दूर नाहीत. नगर रस्त्यावर मात्र अंतर मिनिटांत मोजावे लागते. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, तेव्हापासून तिथवर रिक्षाने जाऊन पुढे मेट्रोने जाण्याचा पर्याय झाला. वेळ मागताना ऑफिस सुटण्याची आणि भरण्याची गर्दी टाळून मागावी आणि रोज तीच मिळेल का ते विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे, पण योजनेतील रुग्णालयातच. कागदपत्रांची चौकशी नियोजनाच्या आधी करावी, नंतर नव्हे.

पहिला दिवस सर्वांत लांब वाटतो. खोलीत नेऊन टेबलावर झोपवले जाते, भिंतीतून आलेल्या लेसरच्या रेषा त्वचेवरच्या ठिपक्यांशी जुळवल्या जातात. तंत्रज्ञ शरीर मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवतात. 'ताई, तुम्ही स्वतः सरकू नका, आम्ही सरकवतो,' हे वाक्य प्रत्येकीला ऐकावे लागते, कारण मदत करायची सवय सुटत नाही. मग सगळे बाहेर जातात, जड दार बंद होते. एकटीला आत ठेवले, ही भावना त्या क्षणी अनेकींना दाटून येते. पण कॅमेरा चालू असतो, माइकवरून आवाज येत असतो: 'श्वास घ्या... थांबा... सोडा.' हात वर करून सांगितले तर यंत्र लगेच थांबवता येते. आधी एक क्ष-किरण चित्र घेऊन जागा तपासतात, मग यंत्राचे डोके भोवती फिरते, गुणगुणते, थांबते. प्रत्यक्ष किरण दोन-चार मिनिटेच पडतात. काही जाणवत नाही. बाहेर आल्यावर अंगात किरण शिल्लक राहत नाहीत. दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही, तसेच. नातवाला मांडीवर घेता येते, एकाच ताटात जेवता येते. वेगळी भांडी, वेगळे अंथरूण यांची काही गरज नसते.

डोक्याचे केस यात जात नाहीत. ते केमोथेरपीने जातात, आणि बऱ्याच जणींचे केस नुकते परत येऊ लागलेले असताना किरणोपचार सुरू होतात, म्हणून ही भीती मोठी असते. उलट्याही सहसा होत नाहीत.

यंत्र बंद पडते, सुट्टी येते, ताप येतो, पाऊस नगर रस्ता अडवतो. एखादा दिवस चुकला तर केंद्राला कळवावे. तो दिवस पुढे भरून काढतात. स्वतःहून मध्येच 'दहा झाले, आता पुरे' असे ठरवणे मात्र घातक आहे. बारीकसारीक खंड जुळवून घेता येतो. अर्धवट सोडलेला उपचार पुन्हा त्याच जागेवर पहिल्यापासून करता येत नाही, कारण निरोगी पेशींनी घेतलेली मात्रा पुसली जात नाही.

त्वचेबद्दल सल्ले चहूकडून येतात. इंग्रजी माहितीपत्रकांत 'त्वचा लाल होते' असे लिहिलेले असते. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर लाली दिसतेच असे नाही. ती काळवंडते, ताणल्यासारखी होते, खाज येते. लाल झाली नाही म्हणून काही झाले नाही, असे समजू नये. स्तनाखालची घडी आणि काख इथे घर्षण आणि घाम, म्हणून तिथे आधी सोलते. कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, घासणी आणि उटणे चालत नाही. घट्ट, तार असलेल्या अंतर्वस्त्रापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड बरे. पुढून उघडणारा कुर्ता किंवा ब्लाउज असला की रोजची कपडे बदलायची धावपळ वाचते. मलम लावून गेले तर भाजते, असे पूर्वी सांगत. २०१८ मधील एका अमेरिकी अभ्यासात मलमाच्या पातळ थराने त्वचेवरील मात्रा बदलत नसल्याचे दिसले, जाड थर मात्र नको. स्टेरॉइडचे मलम दाह कमी करते, पण ते डॉक्टरांनी दिले तरच.

आणि हळद. घरातील कुणीतरी ती सुचवतेच. अमेरिकेत रॉचेस्टर इथे हळदीतील कर्क्युमिनच्या गोळ्या देऊन पाहिल्या गेल्या. ३० स्त्रियांच्या पहिल्या चाचणीत त्वचेचा त्रास कमी झाल्यासारखा दिसला आणि त्याची बरीच चर्चा झाली. नंतर ६८६ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला तेव्हा ठोस फरक दिसला नाही. लहान अभ्यासाची बातमी होते, मोठ्या अभ्यासाची होत नाही, त्यामुळे पहिलीच गोष्ट फिरत राहते. भाजीतली हळद नेहमीसारखी खावी. किरण पडणाऱ्या जागेवर लेप लावू नये. त्वचा दुखावते आणि तंत्रज्ञांनी केलेल्या खुणा जातात.

थकव्याकडे घरात सर्वांत कमी लक्ष जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो जाणवू लागतो, झोपूनही जात नाही. रोज अर्धा तास चालणाऱ्या स्त्रियांना तो कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ऐकायला उलटे वाटते, पण तसे आहे. आयटीतली ती स्त्री लॅपटॉप घेऊन घरून काम करू शकेल आणि बऱ्याच जणी करतात. अडचण वेगळीच होते. ती घरी आहे म्हणून कुरिअर तिने घ्यायचे, बाईला दार तिने उघडायचे, मुलांचा अभ्यासही तिनेच. शिरूरहून आलेल्या बाई बहिणीच्या घरी आयते बसून कसे खायचे म्हणून भाकऱ्या थापायला बसतात. 'फक्त दहा मिनिटांचा तर लाइट आहे' असे म्हणणारे घर त्या दहा मिनिटांसाठी गेलेले तीन तास मोजत नाही.

शेवटच्या दिवशी पेढे वाटले जातात. उपचार संपला असे सगळ्यांना वाटते, आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांतच त्वचा सर्वांत वाईट दिसते. पेशी विभाजनाच्या वेळी कोसळतात, हे सुरुवातीला आले होते, त्याचाच हा भाग. यात 'काहीतरी बिघडले' असे काही नाही. महिन्याभरात बहुतेकींची त्वचा सावरते, काळसरपणा जायला काही महिने लागतात. पाणी सुटले, पू दिसला किंवा ताप आला तर मात्र दाखवायला जावे. एक ते सहा महिन्यांच्या काळात कोरडा खोकला आणि धाप लागली तर साध्या खोकल्याचे औषध घेत बसू नये. फुप्फुसाला सूज आलेली असू शकते आणि औषधाने ती बहुधा बरी होते. त्यासाठी डॉक्टरांना 'मला छातीला रेडिएशन झाले आहे' हे सांगावे लागते. कॉलनीतील डॉक्टरांना ते ठाऊक नसते.

स्तन थोडा घट्ट, थोडा लहान राहू शकतो. बरगडीवर हात दाबला तर वर्षभर दुखू शकते. खांद्याचे व्यायाम किरणोपचारानंतरही थांबवायचे नसतात, कारण आखडणे नंतरही येते.

रुग्णालयातून निघताना एक कागद मागून घ्यावा: कोणती बाजू, एकूण किती ग्रे, किती वेळा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काखेला किंवा गळ्याजवळ किरण दिले का. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कारणासाठी छातीला किरण देण्याची वेळ आली, तर तिथले डॉक्टर पहिल्यांदा हाच कागद मागतील. त्याचा एक फोटो मुलीच्या किंवा मुलाच्या फोनमध्येही असू द्यावा.